ऋणको कोण?

गेल्या वैशाखांत आमच्या शहरांतील एका व्याख्यानमालेंत कर्करोगावर व्याख्यान झालें. वक्ते नामांकित होते, सभागृह भरलेलें होतें, आणि विषय असा कीं ज्याविषयीं मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं कुजबुजत कां होईना, पण वारंवार बोललें जातें. समारोप करतांना वक्त्यांनीं आवाज चढवून सांगितलें, "आपल्या देशांत गोरगरिबांच्या कर्करोगावर संशोधनच होत नाहीं. पाश्चात्त्यांचें संशोधन आपण उसनें घेतों, हेंच आपल्या दैन्याचें मूळ." या वाक्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनीं तेंच वाक्य पुन्हां एकदां उच्चारलें, आणि श्रोते कृतकृत्य होऊन घरीं गेले. मीही गेलों. परंतु त्या टाळ्या माझ्या कानांतून जाईनात. त्या कोणत्या अपराधावर पांघरूण घालीत होत्या हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, म्हणून हा लेख.

वस्तुस्थिति वक्त्यांच्या विधानाच्या नेमकी उलट आहे. गोरगरिबांच्या कर्करोगावर संशोधन झालें. आपल्या देशांत झालें. पुष्कळसें आपल्या महाराष्ट्रांतच झालें. आणि तें जगांतील मोठ्यांतल्या मोठ्या प्रयोगांत गणलें जातें. उसनें घेतलें असेल तर तें जगानें आपल्या खेड्यांतील व झोपड्यांतील बायकांकडून घेतलें आहे. आपल्या धर्मग्रंथांनीं माणसाच्या माथ्यावर देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. या ऋणाचा उल्लेख त्या तिहींत नाहीं, म्हणून तें कोणाच्या खातीं मांडावयाचें हा प्रश्नच आपल्याला पडत नाहीं. धनको कोण हें मी आतां दाखवितों. ऋणको कोण, हें वाचकांनीं शेवटीं ठरवावें.

रोग कोणता तें प्रथम स्पष्ट सांगतों. कारण आपल्याकडे त्याचें नांव घेण्याचाही संकोच असतो, आणि त्या संकोचानें आजवर पुष्कळ बळी घेतले आहेत. गर्भाशयाच्या मुखाशीं होणारा हा कर्करोग. ह्यूमन पॅपिलोमा नांवाचा विषाणु त्याच्या मुळाशीं असतो, हें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं दाखविलें, व त्याबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु बहुतेक स्त्रीपुरुषांच्या शरीरांत केव्हां ना केव्हां येऊन जातो. त्यांत चारित्र्याचा प्रश्न काढणें हा शुद्ध अडाणीपणा आहे. पुष्कळांच्या शरीरांतून तो आपोआप नाहींसा होतो. कांहीं स्त्रियांच्या ठिकाणीं मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि मग आधीं पेशींत बदल, पुढें रोगाची पूर्वावस्था व शेवटीं कर्करोग अशी वाटचाल दहा-पंधरा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ चालते. हा दरोडेखोर नाहीं. ही वाळवी आहे. पूर्वावस्थेंत ती सांपडली तर अतिशीत उपकरणानें किंवा विजेच्या तारेच्या वेढ्यानें तेवढाच भाग नष्ट करतां येतो, आणि बाई बहुधा त्याच दिवशीं आपल्या पायांनीं घरीं जाते. शत्रु इतकी सवड देत असूनही २०२२ या एका वर्षांत भारतांतील १,२७,५२६ स्त्रियांना हा रोग झाला व ७९,९०६ स्त्रिया त्यानें दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

आतां संशोधनाकडे वळूं. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी हें गांव भगवंताच्या देवळासाठीं व बाजारपेठेसाठीं आपल्या परिचयाचें आहे. त्याच गांवीं १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. शहरांतील नोंदणी त्या मानानें सोपी. रुग्ण इस्पितळांत येतो आणि कारकून नांव लिहून घेतो. खेड्यांतील रुग्ण इस्पितळापर्यंत पोंचतच नाहीं. तो घरीं मरतो, व मरणाचें कारण गांवाला 'जुनाट दुखणें' एवढेंच ठाऊक असतें. म्हणून डॉ. बी. एम. नेने व त्यांचे सहकारी यांनीं बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांच्या खेड्यापाड्यांतून कार्यकर्ते पाठविले. हे कार्यकर्ते लोकांत बसत, लक्षणें समजावून सांगत, संशयित रुग्णांचा माग काढीत व त्यांना तपासणीला आणीत. मूळ हेतु मोजदाद करण्याचा. परंतु त्या मोजदादीबरोबर गेलेल्या चार शब्दांनींच असा परिणाम झाला कीं स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकर, रोग आटोक्यांत असतांनाच, दाखवावयास येऊं लागल्या. कोणी आपल्या दारीं येऊन आपल्या दुखण्याची विचारपूस करतो, एवढ्याचेंही हें फळ.

याच पायावर १९९९ सालीं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां धाराशिव झालें आहे, एक प्रचंड प्रयोग आरंभिला गेला. खेड्यांचे ५२ गट केले. त्यांत ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें या गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागांतील स्त्रियांची विषाणु-चाचणी करावयाची. दुसऱ्यांतील स्त्रियांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाच्या. तिसऱ्यांत सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांत असतें तेंच आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो कीं काय तें नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें. आणि चौथ्या भागाला यांतील कोणतीच तपासणी द्यावयाची नाहीं, जें नेहमींचें चालू असेल तें चालूं द्यावयाचें. आठ वर्षांनीं हिशेब झाला. विषाणु-चाचणीच्या भागांतील ३४,१२६ स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले होते. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांत ६४. उभ्या आयुष्यांत एकदांच केलेल्या चाचणीनें मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलें. इतर दोन पद्धतींचा तसा निश्चित गुण तेथें दिसला नाहीं, हेंही संशोधकांनीं प्रांजळपणें नमूद केलें. हा वृत्तांत २००९ सालीं अमेरिकेंतील न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अग्रगण्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

तिकडे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोग १९९८ पासूनच चालू होता. तेथें आम्ल लावून डोळ्यांनीं पाहण्याची पद्धत घेतली, पण ती एकदां करून थांबले नाहींत. दर दोन वर्षांनीं एक अशा चार फेऱ्या केल्या. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून हें काम करविलें. तपासणीच्या भागांत ७५,३६० स्त्रिया होत्या, तुलनेच्या भागांत ७६,१७८. बारा वर्षांच्या अंतीं तपासणीच्या भागांत या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी आढळले, असें २०१३ सालीं जाहीर झालें. तामिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांत तर परिचारिकांनीं केलेल्या एकाच फेरीनें मृत्यूंत ३५ टक्के घट झाल्याचें २००७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. संशोधन होत नाहीं म्हणे! तीन जिल्हे, साडेतीन लाखांवर स्त्रिया, दहा-दहा वर्षांचे पाठपुरावे. संशोधन याहून निराळें तें काय असतें?

या ज्ञानाचा उपयोग कोणीं केला तें पाहा. विषाणु-चाचणी हीच तपासणीची पहिली पायरी असावी असें नेदरलंड्सनें व ऑस्ट्रेलियानें २०१७ सालीं ठरवून तसा क्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं तीच शिफारस केली. या निर्णयांमागें युरोपांतील प्रयोगांचाही पुरावा होता हें मला मान्य आहे. परंतु त्या चाचणीनें प्रत्यक्ष मृत्यु टळतात हें आधीं दाखवून दिलें तें धाराशिवकडच्या कोरडवाहू शेतांत खुरपणाऱ्या बायकांनीं.

लसीचीही तीच कथा. या विषाणूवरील लसीचे तीन डोस द्यावे कीं दोन पुरतील, हें पाहण्यासाठीं २००९ सालीं आपल्या देशांत मुलींवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांत बार्शी, पुणें व मुंबई हीं होतीं. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलें, आणि २०१० च्या एप्रिलमध्यें सरकारनें लस देणें थांबविलें. त्यामुळें हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढें वर्षानुवर्षें त्यांचा मागोवा घेतला तेव्हां एका डोसानेंही जवळजवळ तेवढेंच संरक्षण मिळतें असें दिसून आलें. या व अशा पुराव्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं एक डोस पुरेसा मानण्यास संमति दिली. २०२३ सालीं ऑस्ट्रेलिया व ब्रिटन यांनीं आपापल्या मुलींचे दोन डोसांचे एक डोस केले व पैसा वांचविला. पिकतें तेथें विकत नाहीं ही म्हण आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. आतां ती विद्येलाही लागू झाली.

आणि येथें काय झालें? २०१६ सालीं भारत सरकारनें तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पांच वर्षांनीं आम्ल-पद्धतीनें तपासणी करण्याची योजना कागदावर आणली. त्यानंतरच्या २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांना विचारलें, कीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं तुमची तपासणी आयुष्यांत कधीं तरी झाली आहे काय? 'होय' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभर स्त्रियांत दोनही नाहींत! तामिळनाडूंत तें प्रमाण ९.८ टक्के होतें. म्हणजे एखाद्या राज्यानें मनावर घेतलें तर थोडें तरी घडतें. त्यानंतर आंकडे पुष्कळ फुगले आहेत. २०२५ च्या जुलैपर्यंत दहा कोटींहून अधिक स्त्रियांची तपासणी झाली असें सरकारनें संसदेंत सांगितलें. हें खरें ठरो अशीच माझी इच्छा आहे. परंतु मला या आंकड्यापुढें दोन प्रश्न विचारावयाचे आहेत. या दहा कोटींपैकीं किती जणींना टेबलावर निजवून, दिवा धरून, कोणीं खरोखर पाहिलें? आणि ज्यांच्या ठिकाणीं डाग दिसला त्यांपैकीं किती जणींवर उपचार झाले? वहींतील खूण आणि शरीराची तपासणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपचाराची सोय न करतां केलेली तपासणी ही तर, स्पष्टच बोलावयाचें तर, फसवणूक आहे.

याला आपल्या सुशिक्षित समाजांत तीन उत्तरें मिळतात. त्यांचा क्रमानें परामर्श घेऊं.

पहिलें उत्तर असें: "बायका अडाणी आहेत, लाजतात, बोलावलें तरी येत नाहींत." हें उत्तर देणारानें कधीं कोणाला बोलावलेलें नसतें. धाराशिवांत विषाणु-चाचणीसाठीं ज्यांना बोलावलें त्यांपैकीं दहांत आठ जणी आल्या. मुंबईच्या झोपडपट्टींत दहांत जवळजवळ नऊ आल्या. या लोणी-साखर खाऊन सुस्तावलेल्या बायका नव्हत्या. एक दिवस कामावर न जाणें म्हणजे त्या दिवसाची चूल मंद होणें, अशा घरांतील होत्या. तरी त्या आल्या. कारण त्यांच्या ओळखीच्या, त्यांच्याच भाषेंत बोलणाऱ्या बाईनें त्यांच्या घरीं जाऊन त्यांना बोलावलें, वेळ सांगितली, व सांगितलेल्या वेळीं तेथें माणूस हजर होतें. आतां आपल्या घरांतील पदवीधर स्त्रियांची गोष्ट काढूं. त्यांपैकीं किती जणींनीं स्वतःची तपासणी करून घेतली आहे? वाचकांनीं हा प्रश्न आज रात्रीं जेवतांना घरांत विचारून पाहावा. मग अडाणी कोण व लाजणारे कोण याचा निर्णय माझ्यावांचूनही होईल.

दुसरें उत्तर असें: "देश गरीब आहे, परवडत नाहीं." विषाणु-चाचणीला खर्च येतो हें खरें. परंतु मुंबईंत ज्यानें मृत्यु कमी केले त्याला लागला तो शिरक्याच्या जातीचा एक द्रव, कापसाचा बोळा, दिवा आणि चार आठवडे शिकलेली बाई. एवढें परवडत नसेल तर परवडण्याच्या गोष्टी करूंच नयेत. शिवाय रोग पूर्ण वाढल्यावर किरणोपचारासाठीं मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, शाळेंतून काढलेली थोरली मुलगी आणि सावकाराकडे गेलेला जमिनीचा तुकडा, हें सर्व कोणाला परवडतें? तें परवडतें, कारण तें सरकारच्या हिशेबांत येत नाहीं व आपल्याही येत नाहीं.

तिसरें उत्तर अधिक तेजस्वी दिसतें, म्हणून तें अधिक काळजीपूर्वक पाहिलें पाहिजे. "हे प्रयोगच पापमूलक होते. परक्यांच्या पैशानें आमच्या बायकांचे गिनीपिग केले." या आक्षेपांत सत्य आहे, व तें मी लपवूं इच्छीत नाहीं. मुंबईच्या प्रयोगाला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. धाराशिव व दिंडिगल येथें गेट्स प्रतिष्ठानचा. पेशी-तपासणीनें हा रोग हटतो हें फिनलंडसारख्या देशांनीं १९६० नंतरच्या दशकांतच अनुभवलें होतें. असें असतां या तीन ठिकाणीं मिळून १,३८,६२४ स्त्रियांना तपासणीवांचून ठेवलें, आणि त्यांपैकीं २५४ स्त्रिया या रोगानें मेल्या, असा हिशेब अमेरिकेंतीलच एका टीकाकारानें मांडला. मुंबईच्या प्रयोगांत स्त्रियांची संमति घेतांना त्यांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका खुद्द अमेरिकेच्या देखरेख-कार्यालयानें ठेवला. ज्या लस-प्रकल्पामुळें २०१० सालीं वादळ उठलें, त्यांतही वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजीं अधीक्षकांच्या सह्या झाल्याचें उघड झालें. लिहितांवाचतां न येणाऱ्या माणसाची संमति म्हणजे कागदावरचा अंगठा असें ज्या शास्त्राला वाटतें, त्या शास्त्राला नीतीचे पाठ पुन्हां गिरवावयास लावलेच पाहिजेत.

संशोधकांच्या बाजूनें यावर जें उत्तर दिलें जातें तेंही ऐकूं. ते म्हणतात, या देशांत तपासणीची सोय नव्हतीच. आम्ही कोणाचें कांहीं काढून घेतलें नाहीं. कोणती पद्धत आपल्या परिस्थितींत चालते हें निर्विवाद सिद्ध झालें तरच सरकार ती स्वीकारील व लक्षावधि स्त्रिया वांचतील; त्यासाठीं तुलना अपरिहार्य होती. हें उत्तर पोकळ नाहीं. परंतु तें एका अटीवर उभें आहे, आणि त्या अटीकडे दोन्ही पक्ष डोळेझांक करतात. 'पुढें लक्षावधि वांचतील' हें ज्या कृत्याचें समर्थन, तें कृत्य पुढें लक्षावधि वांचविले गेले तरच समर्थनीय ठरतें. त्या १,३८,६२४ स्त्रियांना तपासणीवांचून ठेवण्याचें नैतिक मोल आगाऊ चुकविलें गेलेलें नाहीं. तें उधारीवर आहे. ज्या दिवशीं तपासणी गांवोगांव पोंचेल त्या दिवशीं तें फिटेल. ती पोंचलीच नाहीं, तर समर्थन कोसळतें. मग त्या २५४ मरणांना कोणत्याही शास्त्राचा आधार राहत नाहीं.

म्हणूनच मी म्हणतों कीं या खटल्यांत आरोपीच्या पिंजऱ्यांत केवळ संशोधकांना उभें करून आपल्याला घरीं जातां येणार नाहीं. त्यांनीं निदान आपला अर्धा शब्द पाळला. प्रश्न विचारला, उत्तर शोधलें, जगापुढें मांडलें. उरलेला अर्धा शब्द पाळण्याचें काम राज्यकर्त्यांचें होतें, व राज्यकर्त्यांना तो पाळावयास लावण्याचें काम मत बनविणाऱ्या वर्गाचें, म्हणजे आपलें, होतें. 'गिनीपिग' म्हणून ओरडणारांनीं प्रयोगांवर बंदी मागितली. धाराशिवच्या प्रत्येक उपकेंद्रांत चाचणी मागितली नाहीं. 'संशोधन झालें पाहिजे' म्हणून टाळ्या पिटणारांनीं झालेलें संशोधन वाचलें नाहीं. दोघेही एकाच बाकावर बसलेले आहेत. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आपण कृतघ्न रोग्यासाठीं वापरतों. येथें शास्त्राची गरज सरली आणि रोगी मेला.

हें सर्व मी त्रयस्थाच्या उंचीवरून लिहीत आहें असें कोणी समजूं नये. आमच्या घरीं अकरा वर्षें धुणेंभांडीं करणाऱ्या एक बाई होत्या. मुलें त्यांना मावशी म्हणत. पाळी जाऊन तीन-चार वर्षें झाल्यावर त्यांना पुन्हां रक्त जाऊं लागलें. हें त्यांनीं माझ्या पत्नीला सांगितलें, तें भांडीं विसळतां विसळतां, पाठमोरें राहून. "वैनी, अंगावरनं जातंय जरा," एवढेंच. पत्नीनें म्हटलें, "मावशी, एकदां दाखवून या हो." त्या म्हणाल्या, "येते की. सणवार होऊं द्या." गणपति झाले, दिवाळी झाली. दाखवावयास जाणें म्हणजे दोन-तीन दिवसांचा खाडा. आणि खाडा म्हणजे पांच घरांतून पांच तोंडांचीं बोलणीं व महिनाअखेरीस पैशांत कपात. त्या पांच घरांत एक घर माझें होतें, आणि खाडे मोजण्याची रीत आमच्याकडेही होती. त्या दाखवावयास गेल्या तेव्हां उशीर झाला होता. पुढल्या श्रावणांत त्या वारल्या. धाराशिवचे आंकडे मीं त्या वेळीं वाचलेले होते. एका चर्चासत्रांत मीं त्यांचा उल्लेखही केला होता. ते आंकडे आणि आमच्या मोरीवर उभी असलेली ती बाई, यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे असें माझ्या पदवीधर बुद्धीला सुचलें नाहीं. सरकारला विचारलेले प्रश्न मी स्वतःला विचारूं नयेत असें कोणतें कारण आहे?

तर मग हें ऋण फेडावयाचें कसें? माझ्या मतें चार गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली, यापुढें गरीब वस्तींत रोगप्रतिबंधाचा कोणताही प्रयोग करावयाचा असेल, तर तो यशस्वी झाल्यास त्याच वस्तींत तो कोण चालविणार व पैसा कोठून येणार, हें परवानगी मागतांनाच लिहून दिलें पाहिजे. तें नसेल तर परवानगी मिळतां कामा नये. दुसरी, ज्यांना तुलनेसाठीं वंचित ठेवलें, त्यांचा सिद्ध झालेल्या उपायावर पहिला हक्क असला पाहिजे. त्यांना विनंती करावी लागूं नये; उपायानें त्यांच्या दारीं जावें. तिसरी, निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत इंग्रजींत छापून संपत नाहींत असें मानलें पाहिजे. ज्या गांवच्या बायकांनीं ते दिले त्या गांवच्या ग्रामसभेंत ते मराठींत वाचून दाखवावे. 'तुमच्यामुळें हें कळलें' हें वाक्य त्या बायकांना ऐकावयास मिळूं नये, इतकें आपलें शास्त्र कंगाल आहे काय? चौथी गोष्ट तपासणी करणाऱ्या बाईविषयीं. आशा कार्यकर्तीच्या शिरावर आणखी एक वही लादून हें काम होणार नाहीं. तिला शिक्षण, योग्य मोबदला आणि डाग सांपडलेल्या बाईला त्याच तालुक्यांत उपचार मिळतील अशी खात्री, हीं तिन्ही दिलीं पाहिजेत.

लस आली आहे, आतां हा रोग आपोआप जाईल, असें कोणी म्हणतील. पुण्याच्या सीरम संस्थेच्या देशी लसीला २०२२ सालीं मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट खरी. लस मुलींना अवश्य द्यावी. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. परंतु लस चौदा वर्षांच्या मुलीला वांचवील तें तिच्या प्रौढपणीं. आज चाळिशी-पन्नाशीच्या घरांत असलेली तिची आई त्या लसीच्या कक्षेंत येत नाहीं. तिला हवी ती तपासणीच. लेकीला दंडावर सुई आणि आईला नुसता उपदेश, अशी वांटणी करण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

आणि सरकार जागें होईपर्यंत आपल्या घरांत तरी कांहीं करतां येण्यासारखें आहे. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईला तपासणीसाठीं पगारी रजा द्यावी. तिच्याबरोबर घरांतील कोणी स्त्रीनें जावें, आणि तेथें गेल्यावर स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. यानें राष्ट्राचा प्रश्न सुटणार नाहीं, हें मला कळतें. परंतु ज्यांना एक बाई दिसत नाहीं त्यांना लक्षावधि कधींच दिसणार नाहींत, हेंही मला उशिरा कां होईना, कळलें आहे.

त्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मीं पत्र लिहिलें आहे. पुढील वर्षीं याच विषयावर व्याख्यान ठेवावें, पण त्यासाठीं धाराशिवच्या प्रयोगांत खेड्यापाड्यांतून हिंडलेल्या एखाद्या कार्यकर्तीला बोलवावें, अशी विनंती त्यांत केली आहे. अद्याप उत्तर आलेलें नाहीं.